भास्कराचार्य आणि दोन अव्यक्तांचे गणित

नववीत गुणनखंड सुरू झाले की आमची मुले दोन चलांच्या राशींपाशी अडतात. (महाराष्ट्रातील पुस्तके त्यांना अवयव म्हणतात.) या वाटेने भास्कराचार्य पूर्वीच जाऊन आले आहेत, म्हणून या अंकात त्यांचे चरित्र देत आहोत.

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. गाव सह्याद्रीजवळचे विज्जलवीड. ते आजचे कोणते, यावर विद्वानांचे एकमत नाही. वडील महेश्वर हेच गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्यातील ‘लीलावती’ सर्वांना ठाऊक असते. लीलावती त्यांची मुलगी होती ही कथा मात्र चार शतकांनंतरच्या फारसी भाषांतरातून आली. आम्हाला ‘बीजगणित’ या भागातील भावित प्रकरण जास्त मोलाचे वाटते.

तेथे एक प्रश्न आहे. एका संख्येची चौपट, दुसरीची तिप्पट आणि वर २, ही बेरीज त्या दोन संख्यांच्या गुणाकाराइतकी आहे. संख्या क्ष आणि य मानू. क्ष लांब व य रुंद असा आयत काढा. त्यातून ४क्ष ची एक पट्टी आणि ३य ची दुसरी पट्टी कापा. कोपऱ्यातले १२ घर दोन्ही पट्ट्यांत मोजले जातात, म्हणून २ मध्ये १२ परत मिळवायचे. उरलेला आयत (क्ष − ३)(य − ४) = १४. आता १४ म्हणजे १ × १४ किंवा २ × ७. म्हणून उत्तरे ४ व १८, ५ व ११, १० व ६, १७ व ५. मुलांनो, पडताळून पाहा.

भास्कराचार्यांनी नुसती रीत सांगितली नाही; आकृतीने आणि अक्षरांनी, दोन्ही प्रकारे उपपत्ती दिली. आमच्याकडे रीत पाठ होते, आयत कोणी काढत नाही. पालकांनी घरी चौकटीची वही जरूर द्यावी.

६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. पुढे नातू चांगदेव यादव राजा सिंघणाकडे ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ काढला. तेथील १२०७ च्या शिलालेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि तो आमच्या विश्वस्तांनी अवश्य पाहावा: बाजारात येणाऱ्या मालावरचे देणे मठाला, आणि गावात जितके घाणे चालतील तितक्या पळ्या तेल.