कर्नल सी. के. नायडू

आपल्या शाळेचा सामना असला म्हणजे आळीतील वडीलधारी मंडळीही मैदानाच्या कडेला येऊन उभी राहतात. शाळकरी मुलांच्या खेळाकडे अशा आस्थेने पाहावयास इंदूरला ज्यांनी शिकविले, त्यांत कर्नल नायडूंचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल; आणि ते तर मूळचे इंदूरचे नव्हेत!

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरास झाला. घराणे वकिलांचे. हिस्लॉप कॉलेजिएट हायस्कूलच्या संघाचे नेतृत्व करीत असतानाच त्यांच्या टोल्यांचा बोलबाला झाला. १९२३ मध्ये महाराज तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदुरास बोलावून आपल्या लष्करात हुद्दा दिला. १९२६ मध्ये मुंबईस एम. सी. सी. च्या संघाविरुद्ध त्यांनी १५३ धावा काढल्या, त्यांत षट्कार अकरा होते. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्याच कसोटी सामन्यात कर्णधारपद त्यांच्याकडे होते.

परंतु या गावाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट निराळीच आहे. शेजारपाजारी खेळणारा मुश्ताक अली नावाचा एक शाळकरी मुलगा नायडूंच्या नजरेस पडला. वय अवघे तेरा! त्या काळी खेळ म्हणजे उनाडकी, असेच बहुतेक घरी मानीत. नायडूंनी त्या मुलाला हैदराबादच्या सामन्यांसाठी आपल्याबरोबर नेले. पुढे १९३६ मध्ये त्याच मुश्ताकने मँचेस्टरला शतक ठोकले. परदेशी भूमीवर भारतीयाने केलेले ते पहिले कसोटी शतक होय.

पुढे सरवटे, जगदाळे, निंबाळकर, गायकवाड अशी मंडळी होळकर संघात आली आणि १९४६ ते १९५३ या अवधीत रणजी करंडक चार वेळा इंदुरास आला. नायडूंची शिस्त मोठी करडी. ती सर्वांनाच मानवली असेल असे नाही. पण ते स्वतःलाही सवलत देत नसत. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी अंतिम सामन्यात दत्तू फडकरांच्या चेंडूने त्यांचे दात पडले, तरी तंबूत न परतता ते खेळतच राहिले.

१९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. एकसष्टी उलटल्यावरही ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरातच त्यांचे देहावसान झाले. त्यांनी हेरलेला तो शाळकरी मुलगा २००५ पर्यंत याच गावात होता.