स्वयंपाकघरातील कथांचे संग्राहक ए. के. रामानुजन

लोककथा म्हणजे मुलांना निजवण्याचे साधन, हा समज आयुष्यभर खोडून काढणारे कवी, भाषांतरकार व लोकसाहित्याचे अभ्यासक अत्तिपट कृष्णस्वामी रामानुजन यांचा जन्म १६ मार्च १९२९ रोजी म्हैसूर येथे झाला. वडील गणिताचे प्राध्यापक होते. वरच्या मजल्यावरील त्यांच्या अभ्यासिकेत इंग्रजी, खाली स्वयंपाकघरात तमिळ आणि रस्त्यावर कन्नड, अशा तीन भाषांत रामानुजन वाढले. कथा त्यांना मिळाल्या त्या खालच्या मजल्यावर, घरातील स्त्रियांच्या तोंडून.

म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयात इंग्रजीचे शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी कोल्लम, बेळगाव व बडोदे येथे अध्यापन केले. बेळगावातील वास्तव्यात त्यांनी कन्नड लोककथा टिपून घेतल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचा अभ्यास करून ते १९५९ मध्ये अमेरिकेस गेले आणि १९६२ पासून अखेरपर्यंत शिकागो विद्यापीठात राहिले.

त्यांच्या संग्रहातील एक कथा विशेष गाजली. गरीब घरातील एक मुलगी अंगावर घागरभर पाणी घेऊन फुलांचे झाड होते आणि दुसऱ्या घागरीने पुन्हा माणूस होते. बहीण हळुवार हाताने फुले खुडते. राजपुत्राशी विवाह झाल्यावर मात्र नणंद हौसेखातर तिला झाड व्हायला लावते, मैत्रिणी फांद्या मोडतात आणि ती हातापायांविना अर्धवट देह होऊन पडते. रामानुजन यांनी ही कथा स्त्रीची म्हणून वाचली. तिची सर्जनशक्ती आणि तिचे दुखावले जाणे एकाच देहात आहे, हे त्यांनी दाखवले. सासरी गेलेल्या कोणत्याही श्रोतीला ते ठाऊकच असणार!

याच कथेवर गिरीश कार्नाड यांनी १९९२ मध्ये ‘चेलुवी’ हा हिंदी चित्रपट केला. सोनाली कुलकर्णी यांचा हा पहिला चित्रपट. संगीतकार जॉन अ‍ॅडम्स यांचा त्यावरील ऑपेरा २००६ मध्ये व्हिएन्ना येथे सादर झाला. कार्नाडांच्या ‘नागमंडल’ नाटकाची बीजेही रामानुजन यांनी ऐकवलेल्या कथांमध्ये होती.

१९७६ मध्ये पद्मश्रीने गौरवलेल्या रामानुजन यांचे १३ जुलै १९९३ रोजी शिकागो येथे निधन झाले. बावीस भाषांतील कथांचा संग्रह १९९१ मध्येच आला होता. ७७ कन्नड कथांचे पुस्तक मात्र १९९७ मध्ये, त्यांच्या पश्चात निघाले.

त्यांची एक आवडती कथा अशी. एका गृहिणीला एक गोष्ट आणि एक गाणे येत असते, पण ती ते कोणालाच सांगत नाही. कोंडलेली गोष्ट एका रात्री पुरुषाचे जोडे होऊन दाराशी बसते, गाणे कोट होऊन खुंटीला लागते. नवरा संशयाने भांडतो आणि मारुतीच्या देवळात जाऊन निजतो. मध्यरात्री गावातील दिव्यांच्या ज्योती तेथे गप्पांना जमतात आणि त्याला खरे कारण कळते. पहाटे घरी येऊन तो बायकोला तिची गोष्ट विचारतो. तोवर ती गोष्ट विसरून गेलेली असते.