बॅरिस्टर आंबेडकर : चवदार तळ्याचा दावा



डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) यांना आपण राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून ओळखतो. प्रस्तुत घटकात नागरी हक्कांसाठी न्यायालयात झगडणारा वकील आणि कायद्याचा शिक्षक या नात्याने त्यांचा परिचय करून घेऊ. आपल्यापैकी जे ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरात राहतात, त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे की, या लढ्याचा एक निर्णायक टप्पा ठाण्याच्या न्यायालयात पार पडला.

वकिलीची जडणघडण

१९१६ मध्ये आंबेडकरांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये कायद्याच्या अभ्यासासाठी नाव नोंदवले. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून, पैसा साठवून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. १९२३ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली आरंभिली. तेथे बॅरिस्टरला बरेचसे काम सॉलिसिटरांमार्फत मिळत असे. अस्पृश्य गणल्या गेलेल्या वकिलाकडे ते सहसा येत नसे. साहजिकच त्यांना कायद्याच्या अध्यापनाचाही आधार घ्यावा लागला. १९२८ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात अध्यापक झाले आणि १९३५ मध्ये तेथील प्राचार्य.

महाड ते ठाणे

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. त्यानुसार महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. प्रत्यक्षात मात्र तेथे पाणी भरणे अशक्यच राहिले. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांनी सहकाऱ्यांसह तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला झाला आणि नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले. त्याआधीच महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी दावा दाखल केला आणि १४ डिसेंबर रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. आंबेडकर हे या दाव्यातील पहिले प्रतिवादी होते. परिषदेसाठी हजारो लोक जमले होते आणि कारावासाची त्यांची तयारी होती. लोकांना थांबवावे, तर त्यांचा उत्साह मावळण्याचा धोका. हुकूम मोडावा, तर न्यायालयात बाजू दुर्बळ होण्याचा. अखेर सत्याग्रह तहकूब करण्यात आला. लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली, पण पाण्याला स्पर्श केला नाही.

येथे दाव्याचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. तळ्याच्या अनन्य वापराचा हक्क आपल्याला पुरातन रूढीने लाभला आहे, असे वादींचे म्हणणे होते. रूढीला कायद्याचे बळ मिळण्यासाठी ती अनादी काळापासून चालत आल्याचे सिद्ध करावे लागते. म्हणजे वाद धर्मभावनेचा न राहता पुराव्याचा झाला. महाडच्या न्यायालयाने १९३१ मध्ये दावा फेटाळला. वादींचे अपील ठाण्याच्या सहायक न्यायाधीशांपुढे आले; १९३३ मध्ये तेही फेटाळले गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, अशी अनादी रूढी सिद्ध झालेली नाही, असा अंतिम निर्णय दिला. ओंजळभर पाण्याच्या हक्कासाठी दहा वर्षे लागली. त्यांपैकी बराच काळ आंबेडकर एकीकडे प्रतिवादी आणि दुसरीकडे भावी वकिलांचे शिक्षक होते.

आजचा संदर्भ

विहिरी व तळी यांच्या वापरात जातीवरून आडकाठी नको, ही तरतूद राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये आपल्याला आढळते. आज विधी शाखेच्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. पक्षकाराची हकिकत टिपणे, जुने दप्तर तपासणे, तारखा जुळविणे ही कामे त्याला रुक्ष वाटू शकतात. चवदार तळ्याचा दावा मात्र अशाच पुराव्याच्या तपासणीवर निकाली निघाला, हे आपण ध्यानात ठेवावे.

सरावासाठी प्रश्न : डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रह तहकूब करण्याचा निर्णय आपल्याला योग्य वाटतो काय? दोन्ही बाजूंचा विचार करून आपले मत सकारण मांडा.