रुग्णाने शिकविलेले उपचार

याल्टा परिषदेचे १९४५ मधील छायाचित्र इतिहासाच्या पुस्तकात आपण पाहिलेले असते. चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन हे तिघेही खुर्च्यांवर बसलेले आहेत. त्यामुळे मधल्या खुर्चीवरील माणसाला आधाराशिवाय उभे राहता येत नव्हते, हे ध्यानातच येत नाही.

फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथे श्रीमंत घराण्यात झाला. १९२० साली ते उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरले. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅम्पोबेलो बेटावर सुट्टीत असताना त्यांना ताप आला आणि काही दिवसांत दोन्ही पाय लुळे पडले. वय होते ३९. एका नामवंत शल्यविशारदाने मज्जारज्जूत रक्ताची गुठळी झाल्याचे निदान करून जोराने मालीश करण्यास सांगितले. पत्नी एलिनॉर आणि स्नेही लुई हाऊ पाय चोळीत राहिले, रुग्ण वेदनेने तळमळत राहिला. अखेर डॉ. लव्हेट यांनी पोलिओ ओळखला व मालीश थांबविले.

रूझवेल्ट यांनी त्यानंतर स्वतःच्या शरीराचा अभ्यासच मांडला. तयार मिळणारी चाकांची खुर्ची अवजड वाटली, म्हणून साध्या खुर्चीलाच चाके बसवून घेतली. मोटार पायांऐवजी हातांनी चालविता येईल अशी सोय करून घेतली.

१९२४ साली जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज येथील कोमट झऱ्यात पोहून एक तरुण चालू लागल्याचे त्यांच्या कानावर आले. ते तेथे गेले. पाण्यात शरीराचा भार हलका होतो आणि दुबळे स्नायूही हलविता येतात, हा अनुभव त्यांनी घेतला. वर्तमानपत्रात ही हकीकत छापून येताच पुढील वर्षी न बोलावताच इतर पोलिओग्रस्त तेथे येऊन थडकले! तेथे तज्ज्ञ कोणीच नव्हता. स्थानिक डॉक्टरांनी त्यांना तपासले, आणि पाण्यात उतरून कोणता स्नायू कसा हलवावा हे रूझवेल्ट यांनी स्वतः शिकविले. १९२६ साली आपल्या संपत्तीचा फार मोठा भाग घालून त्यांनी ती जागाच विकत घेतली.

परंतु रुग्णाचा अनुभव डॉक्टरांनी मानावा कसा? त्याच वर्षी अटलांटा येथे अस्थिरोगतज्ज्ञांची परिषद भरली होती. रूझवेल्ट तेथे निमंत्रणाशिवाय पोचले आणि चाकांच्या खुर्चीतून फिरत एकेका डॉक्टरला गाठू लागले. माझे ऐका, एवढेच त्यांचे म्हणणे नव्हते; पारखून घ्या, असा आग्रह होता. मग डॉ. हबर्ड यांच्या देखरेखीखाली २३ रुग्णांवर काही महिने उपचार झाले. सुधारणा आढळली, तज्ज्ञांनी मान्यता दिली आणि १९२७ साली तेथे रीतसर संस्था उभी राहिली.

या कार्याला एक काळी बाजूही होती. वॉर्म स्प्रिंग्जमध्ये कृष्णवर्णीय रुग्णांना प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी टस्कीगी येथे स्वतंत्र केंद्र निघाले, तेही १९४१ साली. ज्याचे ऐकायचे तो रुग्ण कोण, हेही ठरलेले होते!

रूझवेल्ट चार वेळा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, पण पायांत बळ परत आले नाही. १२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज येथेच त्यांचे निधन झाले. १९३८ साली त्यांनी स्थापिलेल्या संस्थेसाठी लोकांनी दहा-दहा सेंटची नाणी पाठविली होती. त्या निधीतून साल्क लसीचे काम झाले आणि ती गुणकारी ठरल्याची घोषणा बरोबर दहा वर्षांनी, १२ एप्रिल १९५५ रोजी झाली.

भारत २०१४ साली पोलिओमुक्त ठरला. माझ्या मामाला मात्र लहानपणीच पोलिओ झाला होता. त्याला मिळालेले लोखंडी कॅलिपर भिंतीवरील खुंटीला टांगलेले असते. मापे घेणाऱ्यांनी पायाची लांबी अचूक घेतली, पण त्याला रोज चिखलातून, बांधावरून चालावे लागते हे कोणी विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही, कारण शिकलेल्या माणसांपुढे बोलायचे नसते असे आमच्या घरात सर्वांनाच वाटत आले. रूझवेल्ट श्रीमंत होते, म्हणून डॉक्टरांच्या परिषदेत शिरू शकले. मामाला असे कोठेही शिरावे लागू नये. उपचार ठरविणाऱ्यांनीच त्याच्या ओसरीवर येऊन बसावे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. पुढच्या वेळी मामाबरोबर मी जाणार आहे, आणि मापे घेण्याआधी बांधाची गोष्ट त्यालाच सांगायला लावणार आहे.

— द्वितीय वर्ष, कला