दर्पणकारांचे अपुरे स्मरण

दरवर्षी ६ जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन साजरा होतो, बाळशास्त्री जांभेकर यांच्या प्रतिमेला हार पडतो आणि मराठी वृत्तपत्राचे जनक हे त्यांचे बिरुद पुन्हा एकदा उच्चारले जाते. बिरुद खोटे नाही. परंतु त्याने मोठे नुकसान केले आहे. ज्या पुरुषाने कलनशास्त्र आणि ज्ञानेश्वरी ही दोन्ही एकाच आयुष्यात, तेही अवघ्या चौतीस वर्षांच्या, हाताळली, त्याला आपण एका व्यवसायाचा कुलपुरुष करून मोकळे झालो आहोत.

बाळशास्त्र्यांचा जन्म १८१२ साली कोकणात, देवगडनजीकच्या पोंभुर्ले येथे झाला. वडील गंगाधरशास्त्री पुराणिक. घरच्या वेदशास्त्राभ्यासाची शिदोरी घेऊन हा मुलगा तेराचौदाव्या वर्षाच्या सुमारास मुंबईस आला आणि सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांच्या आश्रयाने इंग्रजी व गणित शिकू लागला. मुंबईतील नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीत त्याच्या बुद्धीची चमक लवकरच ओळखली गेली व ऐन विशीत त्या संस्थेच्या चिटणीसपदाची जबाबदारी त्याच्याकडे आली.

त्या काळी छापखाना ही वस्तू सामान्य हिंदू माणसाला संशयास्पद वाटे. छपाईच्या शाईत चरबी असते, तेव्हा छापील धर्मग्रंथाला शिवावे की नाही, असा प्रश्न भाविकांना पडे. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले, त्याच्या पुढल्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ रोजी, ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला. आरंभी पाक्षिक असलेले हे पत्र चार महिन्यांतच साप्ताहिक झाले. भाऊ महाजन त्यात बाळशास्त्र्यांचे साहाय्यक होते. पानाच्या एका स्तंभात मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी अशी त्याची मांडणी होती, आणि या मांडणीतच संपादकाचा सारा विचार साठविलेला आहे. राज्यकर्त्यांना एतद्देशीयांचे म्हणणे कळावे आणि एतद्देशीयांना पश्चिमेकडील विद्या कळाव्यात, अशी ती दुहेरी वाट होती. नव्या विद्येपुढे केवळ हात जोडून उभे राहणे बाळशास्त्र्यांच्या कल्पनेत नव्हते. विधवाविवाहासारख्या नाजूक विषयाचीही चर्चा ‘दर्पण’ने चालविली. जुलै १८४० मध्ये ते बंद पडले. त्याच वर्षी ‘दिग्दर्शन’ हे मासिक निघाले. त्यात भूगोल, रसायन, पदार्थविज्ञान, इतिहास असे विषय नकाशे व आकृत्या देऊन समजावलेले असत.

१८३४ साली बाळशास्त्री एल्फिन्स्टन कॉलेजात साहाय्यक प्राध्यापक झाले. त्या पदावर नेमले गेलेले ते पहिले भारतीय. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी आणि केरूनाना छत्रे यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखालून गेले. पुढे कुलाबा वेधशाळेचे काम, प्राथमिक शाळांची तपासणी, शिक्षक तयार करणाऱ्या अध्यापक वर्गाचे संचालन, अशी कामे त्यांच्यावर पडत गेली आणि ती त्यांनी निभावली. मराठीत पाठ्यपुस्तके नव्हती, म्हणून व्याकरण, इतिहास आणि भूगोल यांची पुस्तके त्यांनी स्वतः लिहिली. ‘शून्यलब्धि’ हा कलनशास्त्रावरचा ग्रंथ तर अशा वेळी लिहिला की, त्या विषयाची परिभाषाच मराठीत अस्तित्वात नव्हती. परिभाषा तयार होईपर्यंत थांबू या, असे म्हणणाऱ्या नंतरच्या समित्यांनी या धाडसाची आठवण ठेवावयास हरकत नव्हती.

त्याच विद्वानाने प्राचीन शिलालेखांचे व ताम्रपटांचे वाचन केले, त्यावर एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात निबंध लिहिले आणि १८४५ साली ज्ञानेश्वरीची पहिली मुद्रित आवृत्ती शिळाप्रेसवर छापून प्रसिद्ध केली. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेला हा ग्रंथ साडेपाचशे वर्षे हाताने नकलला जात होता. नकलकार बदलला की शब्द बदले, कधी ओवी वाढे, कधी गळे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी पाठशुद्धी केली ती याच कारणाने. परंतु त्यानंतरच्या अडीचशे वर्षांत नव्या नकलांनी नवे पाठभेद निर्माण केलेच. छापील प्रतीने हा प्रवाह एका ठिकाणी थांबविला. शेकडो वाचकांपुढे प्रथमच एकच पाठ आला आणि अमुक ठिकाणी हा शब्द बरोबर की तो, असा वाद परगावच्या दोन माणसांना घालता येऊ लागला. शिळाछापाचा विशेष असा की, लेखनिकाचे अक्षर दगडावर उतरवून त्याच वळणाने ते कागदावर येई. त्यामुळे पोथीची सवय झालेल्या डोळ्यांना ते परके वाटत नसे. आजच्या पाठचिकित्सेच्या कसोटीला ती आवृत्ती उतरणार नाही. १९०९ साली राजवाड्यांनी जुन्या पोथीच्या आधारे आपली ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा पाठाचा प्रश्न नव्याने उभा राहिलाच. पण वाद घालण्याजोगे काही समोर ठेवण्याचे काम आधी झाले होते.

बाळशास्त्र्यांना समाजाकडून त्रासही झाला. १८४३ साली श्रीपत शेषाद्री हा ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांच्या घरी राहून परतला, तेव्हा प्रायश्चित्त देऊन त्याला स्वधर्मात घ्यावे, अशी बाजू त्यांनी घेतली व सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. ज्यांना शास्त्राधार हवा होता त्यांना शास्त्रातूनच उत्तर देता येईल इतके त्यांचे अध्ययन होते. परंतु असे वाद शास्त्राने मिटत नाहीत.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि काही वर्षांतच वरच्या परीक्षांतून मराठी बाहेर गेली. ती परत आत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानडे यांना दीर्घकाळ झगडावे लागले. पुढे विज्ञान आणि साहित्य यांच्या शाखा वेगळ्या झाल्या, वर्गही वेगळे झाले. गणिताचा प्राध्यापक पोथी उघडीनासा झाला आणि पोथीच्या अभ्यासकाला आकृती काढता येईनाशी झाली. तेव्हा बाळशास्त्री हयात नव्हते. ज्ञानेश्वरी बाहेर पडल्यानंतर वर्षभरातच, मे १८४६ मध्ये, तापाने त्यांचे मुंबईत निधन झाले. त्यांचे विखुरलेले लेखन तीन खंडांत एकत्र छापले जाण्यास १९५० साल उजाडावे लागले.