विल्बर्फोर्स साहेबांचें शेवटचें बिऱ्हाड

ज्या गांवीं उमेदीचीं वर्षें गेलीं तो गांव म्हातारपणीं सोडून नव्या ठिकाणीं जाऊन राहणें पुष्कळांच्या वांट्यास येतें. कोणी आपखुषीनें जातो, तर कोणास परिस्थिति उठविते. हे दोन्ही प्रसंग ज्यांच्यावर पांच-सहा वर्षांच्या आंत आले, अशा एका थोर पुरुषाचा वृत्तांत आम्ही आज वाचकांस सादर करितों.

विल्यम विल्बर्फोर्स यांचा जन्म १७५९ सालीं इंग्लंडांतील हल बंदरीं एका सधन व्यापाऱ्याच्या घरीं झाला. वयाच्या २१ व्या वर्षीं ते पार्लमेंटांत निवडून आले. आफ्रिकेंतील माणसें जहाजांत कोंबून समुद्रापार विकण्याचा जो व्यापार इंग्रज व्यापारी करीत, त्याविरुद्ध त्यांनीं १७८९ सालीं सभेपुढें पहिलें मोठें भाषण केलें. त्यांची सूचना वारंवार हाणून पाडण्यांत आली. तथापि त्यांनीं धीर सोडला नाहीं, व १८०७ सालीं तो व्यापार कायद्यानें बंद झाला. आमच्या देशाशींहि त्यांचा संबंध आहे. कंपनी सरकार आपल्या मुलुखांत मिशनऱ्यांस थारा देण्यास नाखूष असे. १८१३ सालीं कंपनीची सनद नवी होत असतां ही वाट मोकळी व्हावी म्हणून त्यांनीं फार खटपट केली, आणि ती सफळ झाली.

पुढें डोळे अधू झाले, पाठीचा कणा वांकला, म्हणून १८२५ सालीं त्यांनीं पार्लमेंट सोडलें. दुसऱ्या वर्षीं ते लंडनपासून सुमारें दहा मैलांवर मिल हिल गांवाजवळ हायवुड हिल येथें घर व शेतजमीन घेऊन राहावयास गेले. सिंगापूर वसविणारे रॅफल्स साहेब हेहि निवृत्त होऊन शेजारींच आले होते. परंतु १८२६ च्या जुलैंतच ते वारले. मिल हिलच्या लोकांस उपासनेकरितां दूर हेंडन येथील मंदिरांत जावें लागे, त्यामुळें गोरगरीब मागें राहात. नवखे असूनहि विल्बर्फोर्स यांनीं तेथें मंदिर बांधण्याचें काम हातीं घेतलें. हेंडनच्या धर्मगुरूंनीं त्यांस कडाडून विरोध केला, तरी त्यांनीं काम टाकलें नाहीं.

इतक्यांत दुसरेंच संकट ओढवलें. त्यांच्या वडील मुलानें दुधाचा मोठा धंदा काढला होता, तो बुडाला, आणि त्यांत बापाच्या संपत्तीचा बहुतेक भाग गेला. १८३१ सालीं हायवुडचें घर भाड्यानें देऊन त्यांस निघावें लागलें. त्या वेळीं ते ७१ वर्षांचे होते. सारें नुकसान भरून देण्यास कित्येक मित्र पुढें आले, पण त्यांनीं तें नम्रपणें नाकारलें. उभा जन्म दुसऱ्यांस देण्यांत गेला होता. आतां बाग गेली, आणि आल्यागेल्यास जेवूं घालण्याची सोयहि राहिली नाहीं.

त्यांचे दोन मुलगे धर्मगुरु होते. सॅम्युएल वाइट बेटावर ब्राइस्टन येथें, व रॉबर्ट केंट परगण्यांत ईस्ट फार्ली येथें. तेव्हांपासून पतिपत्नी आळीपाळीनें या दोन घरीं राहूं लागलीं. १८३२ सालीं त्यांची मुलगी एलिझाबेथ वारली. इतकें होऊनहि त्यांच्या तोंडीं कुरकुर नव्हती, असें त्यांस जवळून ओळखणारे सांगत. मुलांचे संसार आपण डोळ्यांनीं पाहिले, याबद्दल ते देवाचे आभार मानीत.

व्यापार बंद झाला होता, परंतु वसाहतींतील लक्षावधि माणसें अद्यापि गुलामच होतीं. १८३३ च्या एप्रिलांत ईस्ट फार्लीजवळील मेडस्टन शहरीं गुलामगिरीविरुद्ध सभा भरली. ७३ वर्षांचे, थकलेले विल्बर्फोर्स तेथें उभे राहून बोलले. तें त्यांचें शेवटचें जाहीर भाषण होय. २६ जुलैस कॉमन्स सभेंत कायदा मंजूर होणार हें निश्चित झाल्याची वार्ता त्यांस लंडनांत मिळाली, आणि २९ जुलैस त्यांनीं देह ठेवला. वेस्टमिन्स्टर अॅबींत त्यांचें दफन झालें. मिल हिलचें मंदिरहि त्यानंतर थोड्याच दिवसांनीं उघडलें. त्या कायद्यांत कंपनीचा मुलूख मात्र वगळला होता. हिंदुस्थानांतील गुलामांसाठीं १८४३ सालचा कायदा यावा लागला.

प्रिय वाचकहो, आमच्या मंडळ्यांतहि जन्मभर सेवा केलेला उपदेशक अखेरीस घर रिकामें करून मुलाच्या गांवीं येतो. तेथें त्यास कोणी ओळखत नाहीं, आणि आपण आतां दुसऱ्याच्या ओसरीवरचे पाहुणे झालों असें त्यास वाटतें. त्यास आम्ही एवढेंच सांगतों कीं, विल्बर्फोर्स साहेबांजवळ शेवटीं स्वतःचें घर नव्हतें, पण ज्या गांवीं ते उतरले तेथील काम त्यांनीं आपलें मानिलें. आणि मंडळीस आमची विनंति अशी कीं, असा वृद्ध तुमच्या गांवीं आला असतां त्यास बसावयास जागा द्या, व त्यास करतां येईल असें कांहीं कामहि द्या.