प्लेगची लस शोधणारे वाल्डेमार हाफकिन



येळ्ळूरहून बेळगावला जाणाऱ्या प्रत्येकाला टिळकवाडीतील व्हॅक्सीन डेपो ठाऊक आहे. तेथील झाडांच्या सावलीत आपण सभा ऐकतो, प्रदर्शने पाहतो. पण या जागेला हे नाव का पडले, असे वर्गात विचारले तेव्हा दोनच हात वर झाले. तेथे पूर्वी देवीच्या रोगावरील लस तयार होत असे.

आपली एक माजी विद्यार्थिनी सध्या बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. सुटीत तिने आपली वही दाखविली. 'इम्युनॉलॉजी' हा तिचा विषय. माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे माझ्या डोक्यात 'प्रतिरक्षा' हाच शब्द बसलेला. आपण मराठीत रोगप्रतिकारशक्ती म्हणतो. पहिल्याच धड्यात मेचनिकॉव्ह यांचे नाव होते. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे त्यांनी दाखविले. त्यांचेच एक शिष्य आपल्या मुलखात येऊन गेले, हे मात्र वहीत नव्हते. म्हणून हा लेख.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. हुशार असूनही ज्यू असल्यामुळे तेथे त्यांना बढतीची वाट बंद होती. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ग्रंथालयातील साधी नोकरी पत्करली. पुस्तके सांभाळून उरलेल्या वेळात ते प्रयोगशाळेत काम करीत. १८९२ साली त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला. पुढे तो पुण्यात पोचला. १८९७ साली सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेल्या, हे आपण शिकलो आहोत. बेळगाव-धारवाडही सुटले नाही. माणसे गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत.

हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा मिळाला. मांसाच्या रश्श्यात त्यांनी प्लेगचे जंतू वाढविले. वर तुपाचे थेंब सोडले की जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढत. मग उष्णता देऊन ते मारीत. मेलेला जंतू रोग देत नाही, पण शरीर त्याची ओळख लक्षात ठेवते आणि पुढे खरा शत्रू आला की लवकर तयार होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचली. ताप आला, दुखले, पण काम चालूच राहिले. त्याच महिन्यात भायखळा तुरुंगात प्लेग आला. सुमारे अर्ध्या कैद्यांनी आपणहून टोचून घेतले. न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. टोचलेल्यांत २ जण आजारी पडले, पण मृत्यू एकही नाही. पुढे १८९८ मध्ये आपल्या शेजारच्या हुबळीत हजारो लोकांनी ही लस घेतली. लस पूर्ण खात्रीची नव्हती, टोचलेल्यांनाही कधी कधी प्लेग होई. हेही सांगितले पाहिजे.

१८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा आली. आणि मग ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी अनर्थ झाला. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली होती. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले. चौकशी बसली. हाफकिन यांनी लस करताना कार्बोलिक ॲसिड वगळले होते, त्यावर ठपका आला. त्यांना पदावरून दूर केले गेले. ते वैद्यकाची पदवी घेतलेले डॉक्टर नव्हते, याचीही टीकाकारांनी आठवण करून दिली.

सत्य त्याच चौकशीच्या कागदांत होते. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. उघडताना बाटलीला दुर्गंधी नव्हती, म्हणजे दोष मुंबईतला असण्याचा संभव नव्हता. तरी हे मान्य व्हायला पाच वर्षे लागली. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये जाहीर पत्र लिहिले, तेव्हा हाफकिन यांना पुन्हा कामावर घेतले, पण मुंबईला नव्हे, कलकत्त्याला. मला वाटते, मृतांच्या घरच्यांना काय समजावले गेले असेल, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. त्या १९ जणांना आपण लक्षात ठेवले पाहिजे. लसीवर विश्वास ठेवूनच ते पुढे आले होते.

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन ते युरोपात परतले. त्यांनी लग्न केले नव्हते. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९६४ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. कोणा पालकांच्या संग्रहात ते असल्यास शाळेत दाखविण्यासाठी जरूर पाठवावे.